एका सीटपुरता सूर

करोल बागेतल्या दुकानदाराने मला पहिल्याच भेटीत आश्वासन दिलं, "सर, ऐसा बेस दूँगा कि पीछे का शीशा हिलेगा." मी केंद्र सरकारचा नोकर, मयूर विहारला सहकारी सोसायटीत राहणारा, ऑफिसला मेट्रोने जाणारा. माझ्या गाडीची मागची काच हलावी असं मला का वाटेल, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. दिल्लीत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. इथे आवाज छातीत बसला की त्याला संगीत म्हणतात, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने दचकून पाहिलं की सिस्टीम चांगली. त्याच्या दुकानात नमुना म्हणून जे वाजत होतं ते वरातीत वाजतं तेच होतं, फक्त बंद खोलीत. मी स्पीकर घेतले, अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि म्हणालो, जोडून द्या, बाकी मला शिकवू नका.

गाडी ही गाणं ऐकायला मुळात नालायक जागा आहे. समोर काच, बाजूंना काचा, खाली फोमच्या गाद्या आणि स्पीकर कुठे, तर पोटरीजवळ. शिवाय ऐकणारा मधोमध बसत नाही, एका कडेला बसतो. उजव्या दारातला स्पीकर मला जवळ, डाव्या दारातला लांब. उजवीकडचा आवाज आधी येतो आणि गाणारा माणूस माझ्या दारात अडकल्यासारखा वाटतो. याच्यावर उपाय म्हणून एक लहानशी पेटी मिळते, तिला प्रोसेसर म्हणतात. जवळच्या स्पीकरचा आवाज ती किंचित उशिरा सोडते आणि जरा दाबते, म्हणजे दोन्हीकडचे आवाज कानाशी एकदम पोचतात. मग गाणारा दारातून उठतो आणि डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. गाडी आठवड्यातून एकदाच निघायची, रविवारी, कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात थालीपीठ खायला. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या रस्त्यासाठी मी शनिवार अख्खा पार्किंगमध्ये काढायचो.

आणि हे सगळं मला खरं तर एकाच माणसाला ऐकवायचं होतं. बायको शेजारी बसायची. तिने एकदा, एकदाच, ऐकून "वा" म्हणावं, एवढी माझी इच्छा होती. अकरा वर्षांत ती कधी म्हणाली नाही, आणि त्यावरून मी तिच्याबद्दल काढायचा तो निष्कर्ष काढून ठेवला होता.

गुरुग्रामच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये या छंदाची माणसं रविवारी सकाळी जमायची. मी तीनदा गेलो. एकमेकांच्या गाड्यांत डोळे मिटून बसायचं, गंभीरपणे मान हलवायची आणि बाहेर येऊन आवाज किती रुंद, किती खोल यावर वाद घालायचा, असा कार्यक्रम असे. प्रत्येकाकडे ट्यूनिंगसाठी त्याच त्या परदेशी ध्वनिमुद्रिका. कोणी बाई कुजबुजत गाते, तिचे ओठ सुटल्याचा आवाज येतो, मग कोणीतरी काडी पेटवतं, ग्लासवर ग्लास आपटतो. एक गृहस्थ मला आपल्या गाडीत बसवून म्हणाले, "साँस सुनिए सर, साँस." मी विचारलं, ही बाई तुम्ही समोर बसून कधी ऐकली आहे का? नाही म्हणाले. मग तिचा श्वास असाच आहे हे तुम्हांला कसं कळलं? त्यांनी मला चहा दिला आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेले. सगळी नाकाने कांदे सोलणारी जमात.

त्यांच्यातच एक दुसरा पंथ होता, आलेखवाल्यांचा. हे लोक गाणं ऐकतच नसत. डोकं टेकायच्या जागी मोजणीचा माइक बांधायचा, स्पीकरमधून नळाच्या धारेसारखा एकसारखा खरखराट सोडायचा आणि लॅपटॉपवर उमटणारी वाकडी रेघ सरळ होईपर्यंत बटणं पिळायची. रेघ सपाट झाली की हस्तांदोलन. त्या सपाट रेघेच्या गाड्या मी ऐकल्या आहेत. त्यांत तबला पत्र्याचा वाटायचा. तो माइक मीही घेतला, नाही असं नाही. पण मी त्याला कारकुनासारखं वापरलं. त्याने आकडे द्यावेत, निर्णय मी घेईन.

माझा नियम साधा होता आणि तो मी जो भेटेल त्याला ऐकवायचो. कसोटीला लावायचं ध्वनिमुद्रण असं पाहिजे की त्यातला मूळ आवाज तुम्ही स्वतः, समोर बसून, माइकशिवाय ऐकलेला आहे. मूळ माहीत नाही तर नक्कल खरी की खोटी हे काय कपाळ कळणार? म्हणून मी स्वतःच एक हातात मावणारा रेकॉर्डर घेतला आणि तीन मुद्रणं केली. पहिलं होतं आमच्या सेक्शनमधल्या एका अधिकाऱ्याचं. त्याला फाइलवरची टिपणी मोठ्याने वाचायची खोड होती. दुबळा, किरटा आवाज. गाडीत तो मंत्र्यासारखा भारदस्त वाटायला लागला की समजायचं, खालचे सूर जास्त झालेत. दुसरं होतं गणेशोत्सवात हॉलमध्ये कोणी नसताना तबलजी तबला लावत बसला होता, त्याचं. त्यानंतर झालेल्या कार्यक्रमाचं मी मुद्रण केलं नाही. आपल्या मंडळातले हौशी गायक हा वेगळा विषय आहे आणि मला अजून याच लोकांत राहायचं आहे.

तिसरं मुद्रण होतं बाईंचं.

बाई आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर एकट्याच होत्या. शाळेत शिकवत असत, म्हणून सगळे बाईच म्हणायचे. नगरकडे ख्रिस्ती मंडळींत मराठी भजनांची जुनी परंपरा आहे, ती त्यांच्या गळ्यात होती. नाताळच्या आदल्या रविवारी त्यांच्या घरी आम्ही दोघं फराळाला गेलो असताना त्या एकट्या गायल्या. पेटी नाही, टाळ नाही, मांडीवर बोटांनी ताल धरून. सत्तरीच्या बाईचा तो आवाज, रुंद, जरासा खरखरीत आणि सुरात नेमका. बायको त्यांच्यापासून दोन हातांवर वेताच्या मोढ्यावर बसली होती. गाणं संपलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रेकॉर्डर माझ्या गुडघ्यावर चालू होता. दिल्लीतल्या एकाही गाडीवाल्याकडे अशी कसोटी नाही, हे माझ्या मनात तेव्हाच आलं.

मग गाडी लावायला बसलो. अंतरं मोजायला शिंप्याची टेप पुरते. एक टोक बायकोने स्पीकरच्या जाळीवर धरलं, दुसरं मी माझ्या कानाला लावलं. उजवं दार झालं, डावं दार झालं. आकडे वहीत उतरवले. ती म्हणाली, "आणि माझ्या कानापासून?"

"तुझ्या कानापासून काय?"

"मोजायचं नाही?"

मी तिला समजावून सांगितलं. गाडी एकाच कानासाठी लावता येते. दोघांसाठी लावायला गेलं तर दोघांनाही अर्धवट ऐकू येतं, ते सरकारी समितीच्या अहवालासारखं होतं, सगळ्यांचं समाधान आणि कोणाच्याच कामाचं नाही. प्रोसेसरमध्ये दोघांसाठीची सोय दिलेली होती. ती मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. असल्या सोयी ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतात असं माझं मत होतं. ती बरं म्हणाली आणि टेप गुंडाळून ठेवली.

माझी सीट कुठे असावी हेही ठरलं. डोकं एक इंच पुढेमागे झालं की मोजमाप चुकतं, म्हणून सीट सरकते त्या पट्टीवर मी पांढऱ्या रंगाने खूण केली. त्या दिवसापासून बायकोचं गाडी चालवणं बंद झालं. तिला चालवता येत नव्हती अशातला भाग नाही. जुन्या गाडीतून ती रोज शाळेत गणित शिकवायला जायची, माझ्यापेक्षा सफाईने चालवायची. पण ती बुटकी, तिला सीट पुढे घ्यावी लागते. मी म्हणालो, "तू मेट्रोने जा ना, मेट्रो किती सोयीची आहे." तिने मेट्रोचं कार्ड काढलं.

पहिल्याच आठवड्यात मी तिला बाईंचं भजन गाडीत ऐकवलं. माझ्यासमोर, काचेच्या मधोमध, बाई बसल्या होत्या. मांडीवरची बोटंसुद्धा ऐकू येत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"बाई अशा गात नाहीत हो," ती म्हणाली. "नाकात गातायत."

"नाकात?"

"आणि इथून येतोय आवाज, खालून. माझ्या गुडघ्यापाशी बसल्यात जशा."

मी तिला म्हणालो की कानाला सवय लागावी लागते, लगेच कळत नाही. दोन-चारदा ऐक. तिने दोन-चारदा ऐकलं असेल. मग रविवारी गाडीत बसल्यावर ती म्हणायला लागली, "बाईंचं नका लावू, दुसरं काहीही लावा." दुसरं काही लावलं की ती खिडकीबाहेर बघत बसायची, नाहीतर ओढणी डाव्या कानावरून घेऊन झोपायची. मी इतक्या खटपटीने गायिकेला समोर आणून बसवावं आणि हिने झोपावं. मला राग यायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचो, आणि नेहमी मनातच म्हणायचो असंही नाही. एकदा आमच्याकडे ऑफिसातली दोन जोडपी जेवायला आली होती. विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "हिला कान नाही. हिला तंबोरा आणि मिक्सर सारखाच." सगळे हसले. तीही हसली आणि आत जाऊन पोळ्या गरम करून घेऊन आली.

बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटचे काही महिने बायकोच त्यांचं औषधपाणी बघत होती. शाळेतून आली की आधी तळमजल्यावर, मग घरी. बाई गेल्यावर पंधराएक दिवसांनी ती मला म्हणाली, "ते भजन माझ्या फोनवर द्याल का?"

फोनवर. नखाएवढ्या स्पीकरमधून. मी तिला स्वच्छ नाही म्हणालो. म्हटलं, "बाईंचा आवाज फोनवर ऐकायचा म्हणजे बाईंचा अपमान आहे. ऐकायचं तर गाडीत ऐक, मी केव्हाही लावून देतो." ती म्हणाली, "राहू दे मग." मला वाटलं, खरंच ऐकायची ओढ असती तर आली असती.

यंदा संक्रांतीला आम्ही पानिपतला गेलो. दिल्लीतल्या मराठी माणसांचा हा रिवाज आहे. अडीचशे वर्षांपूर्वी जिथे आपण हरलो तिथे थंडीत जाऊन उभं राहायचं, जो निवडणुकीत पडला असेल त्याचं शौर्यावर भाषण ऐकायचं, एकमेकांना तिळगूळ द्यायचा आणि येताना बायकांनी चादरी आणि सतरंज्या घ्यायच्या. मी जातो, कारण न जाणारे लोक त्याहून वाईट आहेत. त्या दिवशी भाषण सुरू झालं आणि कर्णा शिट्या मारायला लागला. वक्ता बोलायचा, कर्णा किंचाळायचा, वक्ता थांबायचा. माइकवाला हात बांधून उभा. असं मला सहन होत नाही. त्याचा माइक कर्ण्याच्या तोंडासमोर ठेवलाय, तो बाजूला घे, एवढं साधं कळू नये? हे त्याला सांगायला मी तरातरा निघालो, चौथऱ्याची शेवटची पायरी दिसली नाही आणि उजवा पाय घोट्यात मुरगळला.

पाय टेकवेना. ब्रेक दाबायचा प्रश्नच नव्हता. बायकोने चादरींचं गाठोडं मागे टाकलं, मला डावीकडच्या सीटवर बसवलं आणि स्वतः उजवीकडे गेली. तिने सीट पुढे घेतली. खट, खट, खट, खट. पांढरी खूण मागे राहिली. मी डोळे मिटून घेतले.

सोनिपत जवळ आलं. दुपारचं पांढुरकं ऊन होतं. पाय ठणकत होता आणि मला काहीतरी चांगलं हवं होतं, म्हणून मी हात पुढे करून बाईंचं भजन लावलं. ती "नका लावू" म्हणेल असं वाटलं होतं. ती ट्रकला मागे टाकण्यात गुंतली होती.

बाई माझ्या डाव्या गुडघ्याजवळून गायला लागल्या. पातळ, चेपलेला, नाकातला आवाज. दारातला स्पीकर मी लांबच्या कानासाठी वाढवून ठेवला होता, तो आता माझ्याच कानावर ओरडत होता. पलीकडचा, मी अडवून धरलेला, मागाहून येत होता, आणि दोघांच्या मारामारीत बाईंच्या आवाजाचा सगळा रुंदपणा गेला होता. मांडीवरची बोटं पत्र्यावर पडल्यासारखी वाजत होती. मी आधी फ्यूज पाहिला. मग वायर सैल झाली असेल म्हणून दाराची जाळी दाबून पाहिली. नाचता येईना अंगण वाकडे. दोन मिनिटांनी मला कळलं की काहीही बिघडलेलं नाही. सिस्टीम मी लावली तशीच चालत होती.

जिने बाईंना दोन हातांवर बसून ऐकलं होतं, तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की बाई अशा गात नाहीत. माझ्या नियमात माझ्याखेरीज अख्ख्या दिल्लीत बसणारं एकच माणूस होतं, आणि मी मिक्सरवरून चार लोकांत त्याचं हसं केलं होतं. मला लाज वाटली. इतकी की पायाचं दुखणं जरा वेळ कळेना.

मी म्हणालो, "इतकी वर्षं तुला हे असं ऐकू येत होतं?"

तिने गिअर खाली घेतला. मला वाटलं रागावली. पण ती ऐकत होती. तिने एका ट्रकच्या मागे डावीकडची लेन धरली होती आणि गाडी पन्नासवर आणली होती. मागचे हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. मोजमापाच्या चार इंच पुढे, चुकीच्या जागी बसून ती ऐकत होती, आणि काचेच्या मधोमध कोण बसलंय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "बाई आहेत ना या."

"हो."

"अशाच गायच्या." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हांला ते तसंच आवडतं. नाकातलं."

"मग तू सांगायचंस की परत."

"तुमचं एवढं चाललेलं असायचं शनिवारी. म्हटलं, आवडत असेल."

भजन संपलं. तिने स्वतः हात लावून ते पुन्हा सुरू केलं. मी माझ्या बाजूने ते तीनदा ऐकलं, नाकातलं, गुडघ्याजवळचं, आणि बंद कर म्हणायचं तोंड मला नव्हतं. दिल्लीत शिरल्यावर गर्दी लागली तरी तिने हॉर्न वाजवला नाही. सोसायटीच्या फाटकातून तिने गाडी आत घेतली, आमच्या जागेवर नीट उभी केली आणि इंजिन बंद केलं. गाणं चालू ठेवलं.

मी म्हणालो, "मी उद्याच सगळं परत मोजतो. तुझ्या बाजूने."

"बघू," ती म्हणाली. तिची नजर समोरच होती. "तुम्ही व्हा वर हळूहळू. चौकीदाराला हाक मारा, तो धरेल. मी एवढं ऐकून येते."

मी दार उघडून उतरलो, बाहेरून ते हलकेच लावलं. काचा बंद होत्या, बाहेर काही ऐकू येत नव्हतं. चौकीदार कुठेतरी गेला होता. गाड्यांच्या बॉनेटना धरत धरत मी लिफ्टपर्यंत एकटाच गेलो.